खो-खोच्या मैदानात मावणारा फुटबॉल

खो-खोचं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असतं. नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या ज्या शाळेपुढं थोडीफार मोकळी जागा आहे, तिथं फक्की मारून आखलेलं हे मैदान बहुधा सापडतंच. आता त्याच्या शेजारी दुसरं मैदान ठेवून पाहा. 'होमलेस वर्ल्ड कप' ही बेघरांची फुटबॉल स्पर्धा 2003 पासून जगातल्या निरनिराळ्या शहरांत भरते. तिचं मैदान 22 मीटर बाय 16 मीटर, एका बाजूला तीन खेळाडू आणि एक गोलकीपर, आणि सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा. नागपूरच्या झोपडपट्ट्यांतल्या मुलांना घेऊन विजय बारसे यांनी 2001 मध्ये सुरू केलेली 'स्लम सॉकर' ही संस्था याच स्पर्धेत भारताचे संघ उतरवत आली; 'झुंड' सिनेमामुळं त्यांचं काम घराघरांत पोचलं. म्हणजे देशोदेशीचे संघ ज्या जागेत खेळतात, त्याहून मोठी जागा आपल्या गावच्या शाळेत आधीच आखलेली आहे. तरीही मराठवाड्यात लहान मुलांच्या फुटबॉलचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: आमच्याकडं मैदानच नाही. माझं म्हणणं असं, की बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते मोठं मैदान नकोच आहे. मोठं नाही म्हणून छोट्यावर भागवा, असा हा तडजोडीचा सल्ला नाही. मोठं मैदान हाताशी असलं, तरी या वयाच्या मुलांना त्यावर अकरा-अकरांनी खेळवू नये, आणि असं म्हणायला बऱ्यापैकी पुरावा आहे.

पूर्ण आकाराचं फुटबॉल मैदान साधारण 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद धरतात. क्षेत्रफळ 7,140 चौरस मीटर, आपल्या हिशेबात जवळजवळ पावणेदोन एकर. बावीस खेळाडूंत ते वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वातीन गुंठे येतात. होमलेस वर्ल्ड कपचं अख्खं मैदान साडेतीन गुंठ्यांचं, आणि त्यात आठ जण खेळतात. दहा वर्षांच्या मुलाला सव्वातीन गुंठे सांभाळायला दिले की काय होतं, हे कुठल्याही शालेय सामन्यात दिसतं. ज्या मुलाची उंची आधी वाढली, ज्याच्या पायात जोर आहे, तो बॉल लांब मारतो आणि दुसरा तसाच एक दांडगा मुलगा त्यामागं धावतो. बाकीचे वीस त्या दिशेनं पळत जातात, पोचेपर्यंत बॉल परत फिरलेला असतो. गोलपोस्ट 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. त्याखाली उभ्या असलेल्या लहानग्या गोलकीपरच्या डोक्यावरून मारलेला कसलाही फटका गोल ठरतो. त्यात कौशल्य मारणाऱ्याचं नसतं आणि चूक अडवणाऱ्याची नसते. या खेळातून मुलं शिकतात ते एवढंच, की मोठ्या मुलाला बॉल द्यावा आणि आपण मोकळं व्हावं.

शाळेच्या खेळाच्या तासाचा हिशेब तर आणखी वाईट. वर्गात चाळीस मुलं, तास पस्तीस मिनिटांचा, बॉल एक. बावीस जण मैदानात, अठरा जण कडेला. आत असलेल्यांनाही बॉल वाटून मिळाला असं धरलं, मध्ये एकदाही खेळ थांबला नाही असं मानलं, तरी पस्तीस मिनिटांत प्रत्येकाला दीड मिनिटाच्या आसपास बॉल मिळेल. प्रत्यक्षात बॉल रेषेबाहेर जातो, कुणी तरी तो आणायला जातं, भांडण होतं. आठवड्यातून दोन तास मिळाले, तरी वर्षाकाठी एखाद्या शांत स्वभावाच्या मुलाचा बॉलशी किती संबंध येईल, याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा.

पुरावा म्हणून सगळ्यात जास्त सांगितला जातो तो इंग्लंडचा. या शतकाच्या सुरुवातीला मँचेस्टर युनायटेडच्या अकादमीत लहान मुलांचे आठ-आठांचे आणि चार-चारांचे सामने ताडून पाहिले गेले. चार-चारांच्या खेळात पास 135 टक्क्यांनी जास्त निघाले, गोलवर मारलेले फटके 260 टक्क्यांनी, एकास एक झुंजी 225 टक्क्यांनी, आणि प्रत्यक्ष गोल तर 500 टक्क्यांनी, म्हणजे सहापट. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण त्यांवर फार भार टाकू नये. तो छोटा, प्राथमिक स्वरूपाचा प्रयोग होता, आणि कमी मुलांत एक बॉल दिला तर प्रत्येकाला तो जास्त मिळणार, हे गणित पाचवीचा मुलगाही सांगेल. बॉल जास्त वेळा पायाला लागला म्हणजे खेळाडू चांगला होतो, हेही त्यातून आपोआप सिद्ध होत नाही.

म्हणून बेल्जियमचं उदाहरण मला जास्त वजनदार वाटतं. 2000 सालच्या युरो स्पर्धेचा हा सहयजमान देश पहिल्याच फेरीत बाहेर पडला. त्यानंतर मिशेल साब्लों यांच्या पुढाकारानं तिथल्या फुटबॉल संघटनेनं विद्यापीठाच्या मदतीनं सुमारे दीड हजार युवा सामन्यांचं चित्रीकरण करून त्यांचा अभ्यास केला. निष्कर्ष असा निघाला की प्रशिक्षक जिंकण्याच्या मागं लागले आहेत आणि लहान मुलांना बॉल मिळतच नाही. मग वयानुसार दोन-दोन, पाच-पाच, आठ-आठ अशी खेळाची चढती पायरी ठरली, आणि सगळ्यात लहान गटांचे गुणतक्ते बंद झाले. नोव्हेंबर 2015 मध्ये बेल्जियम फिफाच्या क्रमवारीत पहिल्या स्थानावर पोचला, 2018 च्या विश्वचषकात तिसरा आला. हे सगळं छोट्या मैदानामुळंच झालं, असं कुणी म्हणेल तर मी मानणार नाही. तिथल्या क्लबांचा पैसा, स्थलांतरित कुटुंबांतून आलेली गुणी मुलं, प्रशिक्षकांचं शिक्षण, अशी कारणं बरीच आहेत. पण एका देशानं आपलेच सामने बारकाईनं पाहून हा बदल केला आणि पुढं तो मागं घेतला नाही, याला अर्थ आहे. इंग्लंडनं 2012 मध्ये असाच निर्णय घेतला: सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी पाच-पाच, मग सात-सात, मग नऊ-नऊ, आणि अकरा-अकरांचा सामना थेट तेराव्या वर्षाच्या गटापासून. जर्मनीनं 2024-25 च्या हंगामापासून सगळ्यात लहान मुलांसाठी दोन-दोन आणि तीन-तीनांचा खेळ देशभर बंधनकारक केला.

जर्मन पद्धतीची मुळं ज्या माणसात आहेत, त्याची गोष्ट नांदेडच्या वाचकाला जवळची वाटेल. श्री गुरुगोविंदसिंघजींच्या नावानं अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरवणारं हे शहर. होर्स्ट वाइन हा जर्मन माणूस मूळचा हॉकीचाच. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये अंतिम सामन्यात भारतानं स्पेनला 4-3 असं हरवून सुवर्ण जिंकलं, तेव्हा त्या स्पॅनिश संघाचा प्रशिक्षक वाइन होता. पुढं तो मुलांच्या फुटबॉलकडं वळला आणि त्यानं 'फुनिन्यो' हा खेळ रचला. तीन विरुद्ध तीन, गोलकीपर नाही, आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना एकेक नव्हे तर दोन-दोन छोटे गोल. गोलजवळच्या ठरावीक पट्ट्यात शिरल्याशिवाय मारलेला गोल धरायचा नाही. खरी गंमत त्या दुसऱ्या गोलात आहे. एकच गोल असला की सगळी मुलं तिकडं गर्दी करतात. दोन असले की बॉल असलेल्या मुलाला मान वर करून पाहावंच लागतं, की गर्दी कुठं आहे आणि मोकळं काय आहे. त्याला पाहायला कुणी सांगत नाही, शिट्टी वाजवत नाही, कडेला उभं राहून ओरडत नाही. खेळाची रचनाच त्याच्याकडून ते करवून घेते. छोट्या खेळाचं खरं बळ मला इथं दिसतं. कोनांच्या रांगेतून बॉल वळवत नेण्याचा सराव पायाला हालचाल शिकवतो. ती हालचाल केव्हा करायची, हे शिकायचं असेल तर समोर हिसकावून घेणारं कुणी तरी हवं, सोबत पास मागणारं कुणी तरी हवं, आणि चुकल्यावर दहा सेकंदांत पुन्हा संधी हवी.

दमसासाची काळजी करणाऱ्या पीटीच्या सरांसाठीही उत्तर आहे. आपल्याकडं फुटबॉलचा सराव म्हणजे आधी मैदानाला दहा फेऱ्या, अशी रीत अजून टिकून आहे. 2006 मध्ये इटलीत युवा खेळाडूंवर झालेल्या एका अभ्यासात एका गटाला नुसतं धावायला लावलं आणि दुसऱ्याला छोटे सामने खेळवले. काही आठवड्यांनी दोन्ही गटांचा दम सारखाच वाढला होता. तीन-तीन किंवा चार-चारांच्या खेळात हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या 85 ते 90 टक्क्यांपर्यंत सहज जातात. फेऱ्या मारून जे मिळतं ते बॉल पायात ठेवून मिळत असेल, तर फेऱ्यांचा वेळ वायाच म्हणायचा.

आता आपल्या भूमीकडं येऊ. मराठवाड्यातली काळी माती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. शालेय स्पर्धांचा हंगाम नेमका पावसाळ्यात सुरू होतो. पावणेदोन एकरांवर मुरूम पसरून रोलर फिरवायचा म्हटलं तर ग्रामीण शाळेला ते झेपणारं नाही. साडेतीन-चार गुंठ्यांवर मुरूम टाकणं गावातल्या दोन-चार ट्रॅक्टरवाल्यांना साकडं घालून जमू शकतं. हिरवळीचा आग्रह धरणाऱ्यांनी एक हिशेब करून पाहावा: पूर्ण मैदानावर रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तरी 35 हजार लिटरहून जास्त लागतं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेनं ज्या शहराला पिण्याचं पाणी आणावं लागलं, त्या लातुरात हा हिशेब कुणासमोर मांडायचा? शिवाय मार्चनंतरच्या उन्हात चाळीस मिनिटांचा सलग सामना खेळवणं मुलांच्या तब्येतीला बरं नाही. चार-पाच मिनिटांचा खेळ, मग सावलीत पाणी, मग पुन्हा खेळ, ही छोट्या सामन्याची चाल इथल्या हवेला साजेशी आहे. जागा, पाणी, ऊन या ज्या गोष्टी आपण अडचणी म्हणून सांगतो, त्यांतली एकही इथं आड येत नाही.

यावर पहिला आक्षेप स्पर्धांचा, आणि तो पोकळ नाही. शालेय स्पर्धांचा सगळ्यात लहान गट 14 वर्षांखालचा. तालुका, जिल्हा, मग लातूर विभाग, मग राज्य अशी ती शिडी, आणि सामना अकरा-अकरांचाच. शाळेला चषक हवा असतो, पालकांना दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडा गुणांची आशा असते, सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणावर कुणाचा तरी डोळा असतो. मग क्रीडाशिक्षक सहावीतल्या मुलालाही 'तू बॅक, तू फॉरवर्ड' असं वाटप करून मोठ्या मैदानाची तालीम देतात. पण ज्या लातूरनं परीक्षेच्या तयारीचा एक पॅटर्न महाराष्ट्राला दिला, त्या लातूरला यातली चूक सांगावी लागू नये. तिथल्या यशामागं सराव परीक्षांचा रेटा होता: एकेका प्रकरणावर पुन्हा पुन्हा चाचणी, लगेच तपासणी, लगेच दुरुस्ती. पाचवीतल्या मुलाला बारावीची पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवायला बसवून कुणी तो पॅटर्न उभा केला नाही. चार-चारांचा सामना म्हणजे फुटबॉलची प्रकरणवार चाचणी. अकरा-अकरांचा खेळ शिकायला तेराव्या वर्षानंतर पुरेसा काळ असतो. बॉल पायात ठेवून मान वर करण्याची सवय मात्र त्या वयात नव्यानं लावणं फार जड जातं.

दुसरा आक्षेप जर्मनीतूनच आला. बोरुसिया डॉर्टमुंड क्लबचे तेव्हाचे प्रमुख हान्स-योआखिम वात्स्के यांनी नव्या पद्धतीची जाहीर खिल्ली उडवली. गुणतक्ते नाहीत, मोठे गोल नाहीत, मग मुलांना हार-जीत कळणार कशी, असा त्यांचा सूर होता. आपल्याकडचे जुने खेळाडूही हेच म्हणतील. पण छोट्या मैदानावर हार-जीत कमी होत नाही, वाढते. जर्मन पद्धतीत अनेक छोटी मैदानं शेजारी शेजारी आखतात. काही मिनिटांच्या प्रत्येक सामन्यानंतर जिंकलेला संघ एक मैदान वर सरकतो, हरलेला एक खाली. मूल दिवसभरात कितीतरी वेळा जिंकतं आणि हरतं. शिवाय थोड्याच वेळात तुल्यबळ मुलं समोरासमोर येतात, त्यामुळं दांडग्या मुलाला तितकाच दांडगा भेटतो आणि हळव्या मुलाच्या पायातही बॉल टिकतो. मोठ्या मैदानावर 9-0 नं हरलेल्या संघातला मुलगा हार पचवायला शिकतो असं मानायला मला तरी आधार दिसत नाही. तो बहुतेक वेळा खेळ सोडतो. निवडीचा अन्यायही इथं थोडा कमी होतो. एक जानेवारीच्या कटऑफनं पाडलेल्या वयोगटात वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं अंगानं पुढं असतात आणि मोठ्या मैदानावर तीच डोळ्यांत भरतात, हे जगभर दिसलेलं आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो: शिकवणार कोण? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत बहुधा वेगळा क्रीडाशिक्षकच नसतो. उत्तर अर्धंच देता येतं. छोट्या खेळाला प्रशिक्षक कमी लागतो, अजिबात लागत नाही असं नाही. चाळीस मुलांसाठी पाच मैदानं आखून पाच बॉल दिले आणि शिक्षक खुर्चीवर बसला, तर तो गोंधळ ठरेल. त्यानं करायचं काम वेगळं असतं: मुलं फारच गर्दी करत असतील तर मैदान रुंद करायचं; एकच मुलगा खेळत असेल तर तीन पासांशिवाय गोल नाही असा नियम घालायचा; एक संघ दुबळा पडला तर त्याला एक खेळाडू जास्त द्यायचा. हे समजायला मोठी पदवी लागत नाही, चार दिवसांचं चांगलं शिबिर पुरतं. 15 सप्टेंबर 2017 ला, 17 वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्तानं, राज्य सरकारनं दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवायचा बेत केला होता आणि शाळाशाळांत बॉल वाटले होते. बॉल वाटणं सोपं होतं. पुढच्या दिवशीच्या तासाला त्या बॉलचं काय करायचं, हे शिक्षकाला सांगणं जास्त गरजेचं होतं.

छोट्या खेळाच्या मर्यादाही मान्य कराव्या लागतील. त्यात पूर्ण वेगानं लांब धावायला जागाच नसते, त्यामुळं पंधरा-सोळा वर्षांच्या खेळाडूंना केवळ त्यावर तयार करता येत नाही. ऑफसाइड, लांब पास, हवेतला बॉल, मोठ्या गोलपोस्टपुढं गोलकीपरनं घ्यायची जागा, हे सगळं मोठ्या मैदानावरच शिकावं लागतं. म्हणून मधल्या पायऱ्या हव्यात: वयाच्या नऊ-दहा वर्षांपर्यंत तीन-तीन किंवा चार-चार, मग सात-सात, तेराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर नऊ-नऊ. फुटबॉलचं नियमपुस्तक युवा गटांसाठी मैदान, गोल, बॉल आणि वेळ लहान करायला परवानगी देतंच. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानंही 2018 मध्ये 6 ते 12 वर्षांच्या मुलामुलींसाठी 'गोल्डन बेबी लीग' आणली. तीत मुलं-मुली एकत्र खेळू शकत होती आणि पालक किंवा स्वयंसेवक ती चालवू शकत होते. आपल्या भागात मुलींच्या दृष्टीनं छोट्या मैदानाला खास मोल आहे. गावातलं मोठं मैदान संध्याकाळी क्रिकेटवाल्या मुलांच्या ताब्यात असतं. शाळेच्या आवारातलं चार गुंठे मैदान, शाळेच्या वेळेत, मुलीला कुणाशी भांडून मिळवावं लागत नाही.

उरुग्वेची लोकसंख्या सुमारे 34 लाख. 2011 च्या जनगणनेत एकट्या नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या 33 लाख 61 हजार होती. दोन विश्वचषक जिंकलेल्या त्या देशात छोट्या मैदानांवरचं 'बेबी फुटबॉल' गल्लोगल्ली चालतं. लुइस सुआरेझ त्यातूनच वर आला. लोकसंख्या सारखी म्हणून नांदेडला सुआरेझ निपजेल, असा हिशेब कुणी करू नये. तिथं या खेळाला शंभर वर्षांची परंपरा आहे. आपल्याकडं कोल्हापुरातल्या पेठापेठांच्या तालमींसारखं काही नांदेड-लातूरला नाही. नसलेली परंपरा शासन निर्णयानं येत नाही, पण तालुक्याच्या ठिकाणी दर महिन्याला एक रविवार काढता येतो. एखाद्या हायस्कूलच्या आवारात फक्कीनं आठ मैदानं आखायची, विटा ठेवून गोल करायचे, दहावीच्या मुलामुलींच्या हाती शिट्ट्या द्यायच्या. सामने दहा मिनिटांचे, बारा वर्षांखालच्या कुठल्याही शाळेच्या कितीही संघांना प्रवेश, बक्षीस कुणालाच नाही, जेवण सगळ्यांना. आणि एकच नियम कडक पाळायचा: ज्या शाळेनं आणलेलं मूल दिवसभर कडेला बसून राहिलं, त्या शाळेच्या संघांचे त्या दिवशीचे सगळे गोल पुसायचे.